मुलांच्या वाट्याचं नको म्हणण्याआधी

इंदूरच्या राजेंद्रनगर भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 39, एका खासगी कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार 46,000. पती पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनीअर, त्यांच्या हातात महिन्याला 98,000 येतात. मुलगी आठवीत, मुलगा पहिलीत. गेले 14 महिने पती राऊला भाड्याने राहतात. दोघं आपसी सहमतीने घटस्फोट घेणार आहेत, भांडण आता उरलेलं नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, आजची किंमत साधारण 52 लाख. गृहकर्जही दोघांच्या नावावर, 18 लाख बाकी, हप्ता 24,500, अजून पावणेनऊ वर्षांचा. पतीचा प्रस्ताव असा: माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करतो, उरलेलं कर्ज तू फेड, आणि मुलांसाठी महिन्याचे पैसे मागू नकोस. माहेरच्यांना हे पटलंय. बाईंचं म्हणणं, ‘मला त्याचा एक पैसा नको. हात पसरण्यापेक्षा अर्धपोटी राहीन. घर मिळतंय, मुलांची शाळा बदलावी लागणार नाही, आणखी काय हवं?’ तरी झोप येत नाही म्हणून त्यांनी लिहिलं. भाऊ कर्जासाठी 3 लाख द्यायला तयार आहे, ते घ्यावेत का, हेही विचारलंय. पत्राच्या शेवटी एक प्रसंग आहे: शाळेची सहल मांडूला जाणार होती. मुलीने तो फॉर्म घरी दाखवलाच नाही, महिन्याभराने तो दप्तरात सापडला. विचारलं तर म्हणाली, ‘1,200 रुपये होते गं, म्हणून नाही दिला.’

ताई,

तुमचं पत्र वाचून आधी सहलीच्या त्या फॉर्मचाच विचार केला, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आहे. घरातल्या पैशाची बोलणी बंद दाराआड झाली तरी तेरा वर्षांच्या मुलीला ती कळतात. तिने आपल्या परीने हिशोब केला आणि स्वतःचा खर्च कापला. ‘त्याचा पैसा नको’ हा निर्णय तुम्ही स्वतःसाठी घेताय असं तुम्हाला वाटतं, पण त्याचा पहिला हप्ता तुमच्या लेकीने भरून टाकलाय.

तुमच्या स्वाभिमानाबद्दल मला आदर आहे. चौदा महिने एकटीने घर ओढलंत, त्याचं मोल कोणी कमी लेखू नये. स्वतःसाठी पोटगी मागायची की नाही, हे तुम्हीच ठरवा. नको म्हणालात तर मी आग्रह करणार नाही. पण पत्रात तुम्ही दोन वेगळ्या रकमा एकाच वाक्यात एकत्र केल्यात. बायकोची पोटगी ही एक, आणि मुलांचं पालनपोषण ही दुसरी. पहिली सोडायचा अधिकार तुम्हाला आहे, दुसरी सोडायचा नाही. 1956 च्या हिंदू दत्तक आणि भरणपोषण कायद्याच्या 20 व्या कलमाने मुलांना सांभाळायची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर टाकली आहे. आईबापांनी आपसांत ‘नको’ लिहून दिलं म्हणून मुलांचा हक्क बुडत नाही. नवरा-बायकोचं नातं संपेल, बाप-लेकीचं संपत नाही. त्यामुळे इथे हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही. मुलांच्या वाट्याचं त्यांच्यापर्यंत पोहोचतंय की नाही, एवढंच तुम्हाला पाहायचंय.

तुमच्या आई म्हणतात, ‘आपल्यात कोर्टात पैसे मागत नाहीत.’ त्यांच्या पिढीत मागितले नसतील. पण तेव्हा मुलगी माहेरी परत आली की तिची मुलं आजोबांच्या घरात वाढायची, शाळेची फी नाममात्र असायची. आज तुमच्या दोन्ही मुलांची वर्षाची फीच 1,14,000 आहे. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात बायका विचारतात म्हणून तुम्ही जाणं सोडलंत, हे वाचून फार वाईट वाटलं. त्या विचारणाऱ्यांपैकी एकही जण एप्रिलमध्ये वह्या-पुस्तकांच्या दुकानात तुमच्याबरोबर रांगेत उभी राहणार नाही. त्यांच्यासाठी निर्णय घेऊ नका.

आता हिशोबाकडे येऊ. मुलांचा खर्च महिन्याला 20,000 असं तुम्ही लिहिलंय. फी 9,500, व्हॅन 3,600, ट्यूशन 3,000, मुलीचा कथकचा क्लास 1,500 आणि किरकोळ 2,400. बेरीज बरोबर आहे. पण यात मुलांचं जेवणखाणच नाही. दूध, फळं, डबा, किराण्यातला त्यांचा वाटा घरखर्चात लपून जातो. दोघांचे मिळून 8,000 तरी धरा. एप्रिलमध्ये नवं सत्र सुरू होतं तेव्हा पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तर यांचे वर्षाला 30,000 जातात असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय, म्हणजे महिन्याला 2,500. मुलाला दमा आहे. पंप, डॉक्टर, थंडीत लागणारी वाफ यांचे 1,500 धरले. झाले 32,000. बहुतेक आया महिन्याचा खर्च सांगतात आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारे मोठे खर्च विसरतात, कारण ते कुठूनतरी उसनवारीने भागवलेले असतात. वाटाघाटीला बसण्याआधी मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयची यादी समोर घेऊन हा आकडा पक्का करा. तुमचा 32,000 न येता 29,000 येईल किंवा 35,000. पण 20,000 येणार नाही.

हा आकडा घेऊन पतीचा प्रस्ताव पुन्हा पाहा. पगार 46,000. त्यातून हप्ता 24,500 आणि सोसायटीचे 1,500 गेले की उरतात 20,000. मुलांचा खर्च 32,000. म्हणजे तुमच्या स्वतःच्या तोंडात घास जाण्याआधीच महिन्याला 12,000 ची तूट आहे. वीजबिल, पेट्रोल, तुमची औषधं, पाहुणा-रावळा अजून धरलेलाच नाही. झोप येत नाही म्हणालात ना, मन तुमच्याआधी हिशोबाला पोहोचलंय.

पतींनी फसवायच्या हेतूने हा प्रस्ताव दिलाय असं मी म्हणणार नाही. त्यांच्या दृष्टीने ते मोठा वाटा सोडतायत. 52 लाखांतून 18 लाख कर्ज वजा जाता 34 लाख उरतात, त्यातला त्यांचा निम्मा भाग 17 लाख. एवढे एकदम देऊन मोकळं व्हावं असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण मुलांचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला तर त्यांच्याकडे 68 टक्के येतात, म्हणजे 32,000 मधले सुमारे 21,800. मुलगी 18 ची होईपर्यंत पाच वर्षं हे धरले तर 13 लाखांच्या वर जातात. पुढे एकट्या मुलाचे निम्मे धरले तरी त्याच्या अठराव्या वर्षापर्यंत आणखी 9 लाख. एकूण 22 लाख, तेही महागाई आणि कॉलेज न धरता. फी तर दरवर्षी वाढते. मध्य प्रदेशात 2017 च्या खासगी शाळा फी नियमन कायद्याप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंतच्या वाढीला शाळेला जिल्हा समितीची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि 10 टक्क्यांनी वाढणारी फी सात-सव्वासात वर्षांत दुप्पट होते. शिवाय ते 17 लाख भिंतींत अडकलेले. मुलाचा दमा वाढला तर बेडरूमची एक भिंत विकता येत नाही.

‘कर्ज तू फेड’ हे वाक्य उच्चारायला सोपं आहे, पण बँक त्याला बांधलेली नाही. कर्जावर दोघांच्या सह्या आहेत. तुमच्या करारात काहीही लिहिलं तरी, अगदी न्यायालयाने त्यावर शिक्का मारला तरी, बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार राहतात. त्यांचं नाव काढायचं तर बँक तुमच्या एकटीच्या पगारावर कर्ज झेपतं का ते पाहणार, आणि 46,000 च्या पगारात 24,500 चा हप्ता म्हणजे निम्म्याहून जास्त. बहुतेक बँका इथेच थांबतात. नाव राहिलं आणि पुढे हप्ता चुकला, तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, दोघांचीही बिघडेल. उद्या त्यांना स्वतःसाठी घर घ्यायचं असेल तर हे जुनं कर्ज त्यांच्याही पायात येईल. हे त्यांना नीट समजावून सांगा, कारण यात दोघांचंही हित एकच आहे. सही करण्याआधी बँकेच्या शाखेत जाऊन नाव काढता येईल का, हे लेखी विचारून घ्या. घराचा हिस्सा नावावर करताना मुद्रांक शुल्क किती, ते उपनिबंधक कार्यालयात विचारा. खर्च कोणाचा तेही करारात यायला हवं.

तुम्हाला घर का हवंय? पत्रात तुम्ही एकच कारण दिलंय, मुलांची शाळा. पण त्याच पत्रात शेजारच्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट 13,000 भाड्याने आहे हेही लिहिलंय. शाळा, व्हॅन, मैत्रिणी, कथकचा क्लास, काहीच बदलणार नाही. मग शाळेसाठी घर टिकवायची गरज राहते का? मला वाटतं, घर सोडणं म्हणजे संसार हरला असं कबूल करणं, ही भावना खाली दडलेली आहे. ती खोटी नाही. पंधरा वर्षांत खिडकीचा पडदासुद्धा तुम्ही निवडलेला असतो. त्या भावनेला वेळ द्या, पण तिच्यासाठी 24,500 चा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

माझ्या मते रस्ते तीन आहेत, आणि ते सारखे चांगले नाहीत. फ्लॅट तुमच्या नावावर आणि वर मुलांचे 21,800 महिन्याला, असं जमलं तरी सगळं देऊन तुमच्या हातात 9,800 उरतात. त्यात तुमचं स्वतःचं जगणं बसत नाही, हा मी बाजूला ठेवेन. दुसरा रस्ता, आत्ताच विकून निम्मे-निम्मे वाटणं. भाडं 13,000 देऊन, मुलांचे 32,000 भागवून तुमच्याकडे महिन्याला 22,800 राहतात, आणि तुमच्या वाट्याचे 17 लाख बँकेत. विक्रीचा खर्च आणि भांडवली नफ्यावरचा कर त्यातून जाईल, हे धरून चला. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीतही त्यांचं महिन्याला सुमारे 9,200 व्याज येईल, त्यावर कर आहेच. तिसरा, मुलगी बारावी होईपर्यंत चार वर्षं घर दोघांच्या नावावर ठेवायचं, तुम्ही मुलांसह तिथे राहायचं, हप्ता निम्मा-निम्मा भरायचा आणि मग विकायचं. यातही तुमच्या हातात 22,000 च्या आसपास राहतात, मुलांना घर बदलावं लागत नाही, पण चार वर्षं तुम्ही दोघं एका कर्जात बांधलेले राहता. भांडण उरलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय म्हणून हा रस्ता सुचवण्याचं धाडस करतोय. घेतलाच तर विक्रीचा महिना आणि वर्ष, हप्ता चुकला तर कोण भरणार आणि विक्रीच्या वेळी तो कसा वळता होणार, हे सगळं लिहून घ्या. मनातून तुमचे संबंध जरा जरी नाजूक असतील तर दुसरा रस्ता धरा. माझा कल तिकडेच आहे.

कराराबद्दल आता थोडं सविस्तर बोलतो, कारण अशी पत्रं इतरही लिहितात, आणि इंदूरमध्ये ‘नोटरी करून घेतलंय’ म्हणून निर्धास्त बसलेल्या कितीतरी बायका आहेत. नोटरीचा स्टॅम्प पेपर पुरेसा नाही. हिंदू विवाह कायद्याच्या 13-ब कलमाखाली तुम्ही कुटुंब न्यायालयात जो अर्ज कराल, त्याचा भाग म्हणून सगळ्या अटी दाखल व्हायला हव्यात आणि डिक्रीत, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम हुकूमनाम्यात, त्यांचा उल्लेख यायला हवा. म्हणजे उद्या रक्कम थांबली तर नव्याने दावा न लावता थेट वसुलीचा अर्ज करता येतो. या कलमाला वर्षभर वेगळं राहिलेलं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे न्यायालयापुढे संमती सांगण्याच्या दोन टप्प्यांमध्ये, साधारण 6 महिने असतात. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, योग्य प्रकरणात हा काळ माफ करता येतो, असं सांगितलं. पण तुम्ही त्याची घाई करू नका. ते 6 महिने तुमच्या बाजूचे आहेत. ठरलेली रक्कम 5 तारखेला येते का, हे तेवढ्यात कळेल. दुसऱ्या मोशनपर्यंत संमती मागे घेता येते. घराची विक्री किंवा कागद तोवर पुरे व्हावेत, असं वकिलांना सांगा. नंतर करू म्हटलेलं बरंचसं नंतर होत नाही.

महिन्याच्या रकमेत दरवर्षीची वाढ आकड्यात लिहा. ‘महागाईप्रमाणे’ असं लिहिलं की दरवर्षी नवं भांडण. 8 किंवा 10 टक्के, जे ठरेल ते. कॉलेजचं वेगळं लिहा. हे फार महत्त्वाचं आहे, कारण मुलाच्या बाबतीत कायद्याची सक्ती साधारणपणे 18 व्या वर्षी संपते, म्हणजे नेमकी जेव्हा मोठी फी सुरू होते तेव्हा. स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा बापाकडचा हक्क पुढेही राहतो, पण त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा पदवीपर्यंतचा खर्च दोघांनी 68-32 च्या प्रमाणात, किंवा तेव्हाच्या पगाराच्या प्रमाणात करावा, असं आत्ताच लिहून घ्या. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर काय, याचंही एक वाक्य हवं. मुलं पतींच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात राहू शकतात, तशी अट घाला. तुमचं नाव मात्र घटस्फोटानंतर त्यातून जाईल, म्हणून स्वतःची पॉलिसी आधी काढून ठेवा.

आणि एक गोष्ट, जी वाटाघाटीत जवळजवळ कोणीच मांडत नाही. पुढची बारा वर्षं तुमच्या घराचा एक खांब त्यांच्या पगारावर उभा असेल. देव करो आणि त्यांना उदंड आयुष्य मिळो, पण त्यांना काही झालं तर? त्यांनी 50 लाखांचा टर्म इन्शुरन्स 1874 च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली, दोन्ही मुलांना लाभार्थी करून घ्यावा. असा विमा मुलांसाठीचा ट्रस्ट मानला जातो, त्यावर त्यांचे सावकारही हात टाकू शकत नाहीत. चाळिशीतल्या माणसाला याचा हप्ता झेपण्यासारखा असतो. चांगला बाप याला नाही म्हणणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून ते मुलांच्या बाबतीत वाईट नाहीत.

त्यांच्या पगाराच्या स्लिपवर कमी दिसतं आणि बोनस वेगळा येतो, अशी शंका तुम्ही मांडलीय. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 4 नोव्हेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर सांगावी लागतात. सहमतीच्या प्रकरणातही तुम्ही आपसांत तीच यादी एकमेकांना द्यायचं ठरवू शकता. तुमचीही द्या, भाऊ-आईने केलेली मदत लपवू नका. याच निकालात आणखी एक आहे: पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणजे बोलणी फिसकटली आणि तुम्ही वर्षभर नुसत्या थांबलात, तर ते वर्ष सहसा हातचं जातं. दिवाळीपर्यंत काही ठरलं नाही तर मुलांसाठी अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144 वं कलम त्यासाठीच आहे (जुन्या 125 च्या जागी हे 1 जुलै 2024 पासून आलं). आदेश झाल्यावर रक्कम थकली, तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

रक्कम बँकेतूनच, ठरलेल्या तारखेला, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन (दर महिन्याला आपोआप पैसे पाठवण्याची बँकेला दिलेली सूचना) लावून यावी. रोख नको. मुलांना आणलेला टॅब, सायकल, छप्पन दुकान या खाऊगल्लीतला वाढदिवस ही बापाची माया आहे, ती त्या रकमेतून वजा होत नाही. त्याच न्यायाने, रक्कम उशिरा आली म्हणून तुम्ही रविवारची भेट रोखायची नाही. बापांचीही पत्रं मला येतात. ‘भेटू देत नाही तर पैसे का देऊ’ असं ते विचारतात, आणि त्यांचं दुःख खरं असतं. त्यांना मी हेच सांगतो की भेटीसाठी वेगळा अर्ज करा, फी थांबवू नका. भेट आणि फी दोन्ही मुलांच्या मालकीच्या आहेत. एकीसाठी दुसरी तारण ठेवायचा हक्क दोघांपैकी कोणालाच नाही. आणि पगार खरोखर कमी झाला, नोकरी गेली, तर गप्प बसून थकबाकी वाढवण्यापेक्षा न्यायालयात रक्कम कमी करण्याचा अर्ज करावा. मुलांबाबतचे आदेश हिंदू विवाह कायद्याच्या 26 व्या कलमाखाली डिक्रीनंतरही बदलता येतात, वाढवूनही आणि घटवूनही.

दागिने सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहेत, ते मागायला संकोच वाटतो म्हणालात. ते तुमचं स्त्रीधन आहे, वाटणीत धरायचं नाही, मुलांच्या रकमेच्या बदल्यात तर मुळीच नाही. लग्नाचे फोटो आणि असतील त्या पावत्या बघून यादी करा, करारात जोडा, आणि ताबा पहिल्या मोशनआधी घ्या. लेकीच्या सुकन्या समृद्धी खात्याचंही तसंच, ते पैसे तिचे आहेत. पुढचे भरणे कोण करणार एवढंच ठरवा. ती दहावी झाली किंवा 18 ची झाली, जे आधी होईल तेव्हा, शिक्षणासाठी त्यातली निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

एवढं सगळं मुलांसाठी लिहिलं, आता तुमच्यासाठी एक. तुमच्या पत्रात मुलांच्या दोन आरडी (बँकेतल्या आवर्ती ठेवी) आहेत, तुमच्या नावावर पीएफ सोडून काही नाही. हातात उरणाऱ्या 22,000 मधून आधी सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात साठवा, मग स्वतःच्या म्हातारपणाचं बघा. पीएफ, विमा, बँक खाती, सगळीकडचं नामांकन बदला. मुलं अल्पवयीन आहेत, म्हणून जिथे विचारतील तिथे त्यांच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्या माणसाचं नाव द्या, भावाचं देऊ शकता.

मुलीशी बोला. ‘तू काळजी करू नकोस’ एवढ्याने तिचं समाधान होणार नाही, ती हिशोब करणारी मुलगी आहे. पतींना विचारा, आणि शक्य असेल तर दोघांनी एकत्र बसून तिला सांगा की तुझा आणि धाकट्या दादूचा खर्च आम्ही दोघं मिळून करणार आहोत, किती कोणी द्यायचं ते आमचं ठरलंय, आणि शाळेचा कुठलाही कागद आला की तो आईला दाखवायचाच. आकडे सांगायची गरज नाही. ‘बाबा देत नाहीत’ किंवा ‘बाबांकडे माग’ ही दोन वाक्यं मात्र घरात बोलू नका, कितीही राग आला तरी. तुमच्या आईंनाही हे सांगावं लागेल.

वकिलांची फी परवडत नाही म्हणून पतींचेच वकील दोघांचं काम बघतील, असं ठरलंय ना? ते बदला. त्या वकिलांची नियत वाईट आहे असं नाही, पण दोन बाजूंचं हित एका माणसाने पाहायचं ते प्रत्येक ठिकाणी जुळतंच असं नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. इंदूरच्या जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा. तिथले कागद हिंदीत असतील, त्यात मुलांसाठीच्या रकमेला ‘भरण-पोषण’ लिहिलेलं दिसेल. मसुदा हातात आला की 32,000 चा तुमचा तक्ता शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा.

राहिले भावाचे 3 लाख. आत्ता घेऊ नका. आज ते कर्जात भरलेत तर दोघांच्या नावावरच्या घरात जातील. उद्या विक्री झाली की त्यातले निम्मे पतींच्या वाट्याला जायचे, आणि भावाचं देणं तुमच्या एकटीवर राहायचं. घराचं काय होतंय ते ठरू द्या. नव्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट किंवा एप्रिलची फी अडली, तर तेव्हा त्याच्याकडून लागतील तेवढेच घ्या, बँकेतून घ्या आणि दोघांच्या सहीचा एक साधा कागद करून ठेवा. भावालाही पुढे संसार आहे, वहिनीसमोर ही गोष्ट स्पष्ट असलेली बरी.